घर, गहाण आणि भाडे : यवतमाळ जिल्ह्यातील घरबांधणीच्या भांडवलाचा इतिहास

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी सहज येत असे. लग्नाचा खर्च एका हंगामात उरकतो. घराचा खर्च मात्र कित्येकदा पुढच्या पिढीच्या शिरावर जाऊन बसतो, हा त्यांचा अनुभव होता. अलीकडे आपल्या मंडळाच्या मेळाव्यांत वधू-वरांच्या चौकशीच्या जोडीने दुसरी एक चौकशी ऐकू येऊ लागली आहे. ‘यवतमाळास प्लॉट घेऊन ठेवावा काय?’, ‘नागपुरास फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा, की बँकेत ठेव ठेवावी?’, ‘दोन एकर शेत विकून घर बांधले तर चुकेल काय?’ असे प्रश्न ज्ञातिबांधव एकमेकांस विचारतात आणि उत्तरे बहुधा ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे दिली जातात. ज्यास लाभ झाला तो ‘घ्याच’ म्हणतो. ज्याचे पैसे अडकले तो ‘नाव काढू नका’ म्हणतो.

या प्रश्नांचा निर्णय एकट्या-दुकट्याच्या नशिबावरून करण्यापेक्षा आपल्याच जिल्ह्याने गेल्या दीडशे वर्षांत काय भोगले हे पाहून करावा, असे आम्हांस वाटते. घरे कोणत्या पैशाने उभी राहिली, कोणत्या पैशाने राहिली आणि कोणत्या पैशाने गेली, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

कापसाच्या पैशाची घरे

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १९०२ साली तो दरसाल पंचवीस लक्ष रुपयांच्या ठरावाने कायमच्या पट्ट्यावर घेण्यात आला. आपला जिल्हा त्या काळी ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. १९०५ साली पुसद तालुका जोडला गेल्यावर त्यास ‘यवतमाळ जिल्हा’ हे नाव मिळाले. १९०१ च्या खानेसुमारीत यवतमाळ गावाची वस्ती अवघी १०,५४५ होती. २०११ च्या जनगणनेत ती एक लाख सोळा हजारांवर गेली. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात जी घरे बांधली गेली, त्यांचाच हा इतिहास आहे.

कापसापूर्वीचे आपल्याकडील सामान्य कुटुंबाचे घर पैशाने फारसे बांधले जात नसे. माती गावची, कुडाच्या पऱ्हाट्या वा तट्टे शेतातले, सागवान जंगलातले, कवेलू गावच्या कुंभाराचे आणि मजुरी बव्हंशी धान्याची. असे घर दरसाल शाकारावे लागे, परंतु त्याकरिता कोणाच्या दारी जाण्याचा प्रसंग क्वचितच येई. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. इंग्लंडच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा होताच वऱ्हाडी कापसाचे भाव कधी नव्हते इतके चढले. १८६७ साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि धामणगाव स्टेशनावरून यवतमाळकडचा कापूस बाहेर जाऊ लागला. मग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची आगगाडी आली, जिला पुढे लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणू लागले.

या पैशातून वाडे उभे राहिले. सागाचे खांब, कोरीव तुळया, दुमजली माडी, पुढे ओसरी, मागे गोठा आणि विहीर. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, उमरखेड या गावांच्या जुन्या पेठांतून आजही असे काही वाडे दिसतात. त्यांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. चांगल्या दोन-तीन हंगामांच्या जोरावर आरंभलेले बांधकाम पुरे होईपर्यंत भाव तसाच राहील, अशी मालकाची समजूत असे. भाव तसा राहत नसे. मग बांधकाम अर्धे ठेवण्यापेक्षा ‘पुढच्या हंगामात देतो’ म्हणून सावकाराचे पैसे घेतले जात. घर शंभर वर्षांचे आणि कर्ज एका हंगामाचे, असा हा विजोड सौदा होता. आमच्या मते पुढील सर्व दुःखाचे मूळ येथेच आहे.

गहाणाचे प्रकार आणि आमच्या घरची एक पेटी

सावकार म्हणजे कोणी परका, अशी एक समजूत आपल्यात आहे; ती खरी नाही. सावकारी करणारे सर्व जातींत होते आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर आपल्या ज्ञातीतही होते. म्हणून येथे दोष माणसांचा पाहण्यापेक्षा कागदांचा पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

घर गहाण टाकण्याचे तीन प्रकार आपल्याकडे विशेष रूढ होते. पहिला नजरगहाण. यात घर मालकाच्या ताब्यात राही, व्याज चाले आणि रक्कम न फिटल्यास सावकारास कोर्टात जाऊन लिलाव करवून घ्यावा लागे. दुसरा ताबेगहाण. यात घर सावकाराच्या ताब्यात जाई व त्याचे भाडे तो व्याजापोटी घेई. तिसरा प्रकार मुदत खरेदीचा. यात कागदावर घराची विक्रीच होई. मात्र अमुक मुदतीत रक्कम परत केल्यास घर परत मिळेल, अशी अट असे. पहिल्या दोन प्रकारांत मालकी कर्जदाराचीच राही आणि पैसे देऊन घर सोडवून घेण्याचा त्याचा हक्क कायदा सांभाळी. तिसऱ्यात ती मालकी दिवसाचा हिशेब चुकला की जाई.

मुदत खरेदी हे खरोखर गहाणच आहे की खरी विक्री, यावरून कोर्टांत पुष्कळ वाद होत. शेवटी १९२९ साली मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परत देण्याची अट ज्या कागदाने विक्री झाली त्याच कागदात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण मानावयाचा. अट वेगळ्या कागदावर असेल तर ती विक्रीच समजावयाची, असे ठरले. नियम नि:संदिग्ध झाला खरा, परंतु तो ज्यांस ठाऊक होता ते एका बाजूस आणि ज्यांस ठाऊक नव्हता ते दुसऱ्या बाजूस, अशी परिस्थिती होती.

आमच्या आजोबांच्या शिसवी पेटीत आम्हांस असे दोन कागद सापडले. दोन्ही १९३१ सालचे आणि एकाच दिवशी लिहिलेले. एकात दारव्हा तालुक्यातील आमच्या गावचा वाडा सहाशे रुपयांस विकल्याचे लिहिले आहे. दुसऱ्यात, तीन वर्षांच्या आत सहाशे रुपये परत केल्यास वाडा परत लिहून देण्याचा करार आहे. शिवाय एक भाडेचिठ्ठी आहे. तीप्रमाणे आजोबांनी आपल्याच वाड्यात राहण्याबद्दल दरमहा बारा रुपये भाडे देण्याचे कबूल केले आहे. सहाशेंवर बारा म्हणजे दरमहा शेकडा दोन, वर्षाचे चोवीस टक्के. व्याज हा शब्द तिन्ही कागदांत कोठेही नाही.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले होते. मुदतीच्या तीन वर्षांत आजोबांनी भाड्यापोटी दिलेली रक्कम पावत्यांवरून मोजली तर तीनशे ऐंशी रुपयांवर जाते. परंतु मुद्दलाचे सहाशे तसेच उभे राहिले. १९३४ साली वाडा गेला. त्या सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३३ च्या कायद्यान्वये कर्ज-तडजोड मंडळे निघाली होती, १९३४ साली सावकारीचा कायदा झाला आणि १९३९ साली कर्जनिवारणाचाही कायदा आला. आमच्या आजोबांस त्यांचा उपयोग झाला नाही. कागदावर कर्जच नव्हते. मग तडजोड कशाची करावयाची? आमचे वडील त्या वाड्यावरून जाताना मान फिरवून जात. ते का, हे पेटी उघडेपर्यंत आम्हांस कळले नव्हते.

आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम सांगितला आहे. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही, असा त्याचा आशय. दरमहा शेकडा दोन या दराने सरळ व्याजही पन्नास महिन्यांत मुद्दलाइतके होते. म्हणजे चार वर्षे दोन महिन्यांत प्राचीनांनी घातलेली मर्यादा गाठली जाई. इतक्या थोड्या अवधीत घराने आपली किंमत कधी फेडली आहे काय? राहत्या घरातून उत्पन्न निघत नाही. म्हणून त्याचे कर्ज दीर्घ मुदतीचे व अल्प व्याजाचेच असले पाहिजे. तसे कर्ज देणारी व्यवस्था जोवर नव्हती, तोवर शहाण्या माणसाने घर बचतीतून व दागिन्यांतूनच बांधावे, हे बरोबरच होते.

ज्ञातीने उभारलेली घरे

असे दीर्घ मुदतीचे भांडवल सामान्य माणसास कोठून मिळावे, याचे एक उत्तर मुंबईस मिळाले आणि ते एका ज्ञातीनेच दिले. म्हणून आपल्या जिल्ह्याबाहेर थोडे जावे लागते.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्याचा लाभ घेऊन चित्रापूर सारस्वत ज्ञातीतील श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली, आपले गुरुतुल्य शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावाने एक सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे शामराव विठ्ठल सहकारी बँक झाली. मुंबईत नोकरीस येणाऱ्या ज्ञातिबांधवांस अंधाऱ्या चाळींत महाग भाड्याने राहावे लागे. ते पाहून तालमकी यांच्याच पुढाकाराने १९१५ साली गावदेवी भागात सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. भारतातील सहकारी गृहनिर्माणाच्या अगदी पहिल्या प्रयत्नांत तिची गणना होते. तिची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. इमारत संस्थेच्या मालकीची. सभासदाने भाग घ्यावा, भाडे भरावे व राहावे. एकट्या माणसास जे कर्ज कोणी दिले नसते, ते अनेकांच्या सामायिक जबाबदारीवर उभे राहिले. एखाद्याच्या घरी आजारपण आले म्हणून त्याचे छप्पर लिलावात गेले नाही.

विदर्भात हा विचार उशिरा आला. स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५२ साली औद्योगिक कामगारांकरिता, १९५४ साली अल्प उत्पन्न गटाकरिता आणि १९५९ साली मध्यम उत्पन्न गटाकरिता घरबांधणीच्या योजना काढल्या. मध्यप्रदेश राज्यात असताना १९५० च्या कायद्यान्वये आलेले गृहनिर्माण मंडळ पुढे विदर्भ गृहनिर्माण मंडळ म्हणून राहिले आणि १९७७ साली ते ‘म्हाडा’त विलीन झाले. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि सरकारी नोकरास घरबांधणीचे अग्रीम मिळू लागले. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आल्यावर शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या गृहनिर्माण संस्था तालुक्याच्या गावीही निघू लागल्या. ज्यास दरमहा पगार होता त्याची यामुळे सोय झाली. ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदा, कापूस विकल्यावर येत होते, तो मात्र बाहेरच राहिला. आपल्या ज्ञातीत मास्तरांची व कारकुनांची घरे पक्की झाली आणि त्यांच्याच शेतकरी भावांची घरे कवेलूंचीच राहिली, याचे कारण हे आहे. अक्कल दोघांनाही सारखीच होती.

भाड्याचा अनुभव

घर बांधून भाड्याने द्यावे व म्हातारपणी त्यावर जगावे, हा विचारही जुनाच आहे. त्यास आपल्याकडे मोठा धक्का बसला तो १९४९ साली. युद्धकाळात व त्यानंतर शहरांत घरांची टंचाई झाली होती. म्हणून ‘मध्यप्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, १९४९’ काढण्यात आला. भाडे नियंत्रण अधिकाऱ्याची परवानगी मिळाल्याखेरीज मालकास भाडेकरूस जागा सोडण्याची नोटीस देता येत नसे. विदर्भात हा आदेश जवळजवळ पन्नास वर्षे चालला.

भाडेकरूंस आधार मिळाला, हे नाकारता येणार नाही. टंचाईच्या दिवसांत त्याची गरजही होती. परंतु टंचाई संपल्यावरही नियंत्रण तसेच राहिले आणि भाडे बाजाराच्या मागे पडत गेले. भाड्यातून दुरुस्ती भागेना, म्हणून मालक दुरुस्ती करीना. दुरुस्ती होत नाही, म्हणून भाडेकरू वाढीव भाडे देईना. यवतमाळच्या पेठांतील कित्येक वाडे या भांडणात मोडकळीस आले. त्याहून मोठे नुकसान असे की, भाड्याकरिता नवे घर बांधण्यास कोणी धजेना. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. आता ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी करून नोंदविणे बंधनकारक आहे आणि मुदत संपताच जागा परत मिळविण्याची सोपी तरतूद आहे. भाडेकरू ओळखीचा आहे म्हणून करार नोंदवावयाचा नाही, ही आपल्यातील सवय मात्र गेलेली नाही. मैत्री टिकवावयाची असेल तर कागद आधी करावा.

बँकेचे कर्ज : सोय आणि हिशेब

१९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी घराकरिता कर्ज देण्यास बँका पुष्कळ दिवस कचरत. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी केवळ घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था काढली. २०२३ साली ती त्याच नावाच्या बँकेत विलीन झाली. १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक स्थापन झाली. त्यानंतर हळूहळू तालुक्याच्या बँकेतही गृहकर्ज मिळू लागले. आमच्या आजोबांस जे वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज स्वप्नातही मिळाले नसते, ते आज त्यांच्या पणतूस पगाराची तीन चिठोरी दाखवून मिळते. हा फार मोठा बदल आहे आणि त्याचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु हिशेब करून घ्यावा.

उदाहरणादाखल, वीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने घेतले असे धरू. मुदत वीस वर्षांची असल्यास दरमहा हप्ता सुमारे १७,३५६ रुपये पडतो आणि एकूण सुमारे ४१ लाख ६५ हजार रुपये भरावे लागतात. तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडावयाचे ठरविल्यास हप्ता सुमारे १९,६९५ रुपये होतो आणि एकूण रक्कम सुमारे ३५ लाख ४५ हजार. महिन्यास साधारण २,३४० रुपये अधिक दिल्याने सहा लाखांवर वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास व्यक्तीस दंड आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासून दंडक आहे. म्हणून ज्या वर्षी हात सैल असेल त्या वर्षी मुद्दल कमी करावे. दर वाढला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवितात, तीही दरसाल तपासावी.

बँक घराची सर्व किंमत देत नाही. तीस लाखांपर्यंतच्या कर्जास किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जास ७५ टक्के, अशी मर्यादा आहे. उरलेली रक्कम, मुद्रांक व नोंदणीचा खर्च आपला आपणच उभा करावयाचा असतो. ती रक्कम वैयक्तिक कर्जाने वा खाजगी सावकाराकडून आणणाऱ्याने बँकेचे स्वस्त कर्ज घेतले असे म्हणता येत नाही. महाग कर्जाने त्याच्या घराचा पाया भरला गेलेला असतो. हप्ते थकल्यास २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याने बँकेस कोर्टात न जाता तारण मिळकत ताब्यात घेता येते, हेही माहीत असावे.

आता भाड्याने देण्याकरिता घर घेण्याचा हिशेब पाहू. तीस लाखांचे घर दरमहा नऊ हजार भाड्याने गेले तर वर्षाचे १,०८,००० रुपये येतात. एखादा महिना घर रिकामे राहिले आणि नगरपरिषदेचा कर व किरकोळ दुरुस्ती यांस पंधरा हजार लागले, तर हाती ८४,००० उरतात. म्हणजे किमतीवर शेकडा २.८. त्या घरावर वरीलप्रमाणे वीस लाखांचे कर्ज असेल तर पहिल्या वर्षाचे व्याजच एक लाख सत्तर हजारांच्या आसपास जाते. भाडे कर्ज फेडील, ही कल्पना येथेच कोसळते. तूट पगारातून भरावी लागते आणि नफा व्हावयाचा तर तो केवळ किंमत वाढल्याने. किंमत वाढेल की नाही हे जागेवर अवलंबून आहे. यवतमाळास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व अभियांत्रिकी महाविद्यालये असल्याने त्यांच्या आसपास खोल्यांस गिऱ्हाईक असते. वणीस कोळसा खाणींमुळे असते. परंतु ज्या ले-आऊटला पाणी नाही तेथे भाडेकरू टिकत नाही. निळोणा व चापडोह या धरणांनी २०१८ च्या उन्हाळ्यात तळ गाठला, तेव्हा यवतमाळकरांनी पाण्याकरिता काय हाल सोसले हे वाचकांस सांगावयास नको.

प्लॉटचा मोह

तिसरा मार्ग रिकामा प्लॉट घेऊन ठेवण्याचा. आपल्या ज्ञातीत तो सर्वांत अधिक लोकप्रिय आहे, कारण तेथे भाडेकरू नाही, दुरुस्ती नाही आणि भाव वाढतो असे सर्वजण सांगतात. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाची आखणी झाल्यापासून तर ‘स्टेशनजवळ’ या एका शब्दावर कित्येक प्लॉट विकले गेले. त्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. मंजुरीपासून तेथपर्यंत पंधरा वर्षे लोटली होती. इतक्या वर्षांत बँकेतील साध्या ठेवीचेही दुपटीहून अधिक झाले असते, हे प्लॉटचा भाव सांगताना कोणी सांगत नाही.

प्लॉटचे खरे मोल त्याच्या कागदांत असते. आपल्या जिल्ह्यात चार गोष्टी पाहिल्याखेरीज विसार देऊ नये. पहिली, जमीन अकृषक झाली आहे काय आणि ले-आऊट मंजूर आहे काय. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने केलेले तुकडे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या कक्षेत येतात. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने व वेळोवेळीच्या सवलतींनी काही नियमित झाले, सर्व झाले नाहीत. दुसरी, जागा नझूलची आहे काय. विदर्भातील पुष्कळ शहरी घरे सरकारी नझूल जागेवर पट्ट्याने आहेत. पट्ट्याचे नूतनीकरण व अटींचे पालन झालेले नसेल तर ती थकबाकी विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. तिसरी, मूळ मालक आदिवासी होता काय. गोंड, कोलाम बांधवांच्या जमिनी बिगर-आदिवासींस जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाहीत, आणि १९७४ च्या कायद्याने अशा जमिनी परत देवविल्या जातात. त्या त्यांनाच मिळाल्या पाहिजेत. जे आपल्या आजोबांच्या वाड्याचे झाले ते आपण दुसऱ्याच्या शेताचे करू नये. चौथी, ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील व आठांहून अधिक गाळ्यांच्या प्रकल्पाची २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये ‘महारेरा’कडे नोंदणी आहे काय. नागपूर-पुण्याचा फ्लॅट घेणाऱ्यांनी तर हे प्रथम पाहावे.

तोलून पाहता

आतापर्यंतच्या विवेचनावरून आम्हांस असे दिसते की, राहण्याचे घर, भाड्याचे घर आणि वाढीचा प्लॉट ही तीन वेगळी कामे आहेत व तिघांस पैसा वेगवेगळा लागतो. राहत्या घरास दीर्घ मुदतीचे बँकेचे कर्ज शोभते. मात्र घरात पगार किंवा खात्रीचे मासिक उत्पन्न असावे आणि हप्ता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याबाहेर जाऊ नये. भाड्याचे घर घ्यावयाचे तर निम्म्याहून अधिक रक्कम आपली स्वतःची असावी. रिकाम्या प्लॉटमध्ये कर्जाचा एकही रुपया घालू नये. तो पैसा दहा-पंधरा वर्षे नाहीच, असे समजून घालावा.

आणि शेत? शेत विकून किंवा गहाण टाकून शहरात प्लॉट घेणे, हे आज आपल्या कित्येक घरांत चालले आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांकरिता विशेष मदत जाहीर केली त्यांत आपला जिल्हा होता. शेतीने काय दिले आणि काय नेले हे आम्ही जाणतो. कंटाळून शेत काढणाऱ्यास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु शेत थोडेबहुत तरी उत्पन्न देते, रिकामा प्लॉट काहीच देत नाही, आणि गहाण शेताचे व्याज प्लॉट भरीत नाही. आजोबांनी वाड्यावर हंगामी कर्ज काढले. नातू शेतावर कर्ज काढून प्लॉट घेतो. कागद बदलले तरी विजोडपणा तोच आहे. शिवाय वडिलार्जित शेत व घर आता एकट्या कर्त्याचे नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः समान हिस्सेदार झाल्या आहेत. त्यांस न विचारता, केवळ सही घेण्यापुरते बोलावून व्यवहार करणे हे कायद्यासही धरून नाही व आपल्या कुळाच्या रीतीसही शोभत नाही. नवे घर पत्नीच्या वा मुलीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, तिचाही विचार व्हावा.

ज्याची मिळकत बेकायदा सावकारीत अडकली असेल त्याने खचून जाऊ नये. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो आणि चौकशीत सिद्ध झाल्यास मिळकत परत मिळू शकते. आमच्या आजोबांस अशी खिडकी नव्हती. आज ती आहे, परंतु लाजेने कोणी तिच्यापाशी जात नाही.

शेवटी आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. तालमकींचे उदाहरण ऐकून ‘आपणही ठेवी गोळा करून घरांस कर्ज द्यावे’ असा उत्साह येणे साहजिक आहे. परंतु २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांस बंदी आहे आणि ज्ञातिमंडळ म्हणजे बँक नव्हे. ते करावयाचे तर तालमकींनी केले तसे रीतसर सहकारी संस्था नोंदवून, हिशेब तपासनिसापुढे ठेवूनच करावे लागेल. तोवर एक लहान काम मंडळास सहज करता येईल. आपल्यात वकील आहेत, निवृत्त तलाठी व दुय्यम निबंधक कार्यालयातील कर्मचारी आहेत, बँकेत नोकरी केलेले आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांनी मंडळाच्या जागेत बसावे आणि ज्याला घर, प्लॉट वा गहाणाचा कागद करावयाचा आहे त्याने सही करण्यापूर्वी तो त्यांस दाखवावा. १९३१ साली आमच्या आजोबांस दोन कागदांऐवजी एकच कागद करा, एवढे सांगणारा एक जाणता माणूस भेटला असता तर वाडा सोडवून घेण्याचा हक्क त्यांच्यापाशी राहिला असता. असा माणूस आपल्या ज्ञातीत तेव्हाही असेलच. तो भेटण्याची जागा मात्र नव्हती.

ती जागा येत्या वर्षी मंडळाने करावी, अशी सर्व ज्ञातिबंधू-भगिनींच्या वतीने कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे. पहिल्या रविवारी आमच्या पेटीतील ते दोन कागद आम्ही बरोबर आणू. तरुणांनी ते एकदा डोळ्यांखालून घालावेत.